गजूभाऊनं माझ्या तोंडानं खाल्लं

आमच्या जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या आधी मिठाई चढते. दसरा झाला, पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडला, की घाटंजीच्या आजूबाजूच्या गावांतून गाड्या लागतात. प्रत्येक घरची पहिली गाडी काट्यावर उभी राहिली की गाडीवाला खाली उतरतो आणि त्याच्या हातात एक पुडा असतो. पेढे, नाहीतर जिलेबी, नाहीतर घरचंच काहीतरी. तो पुडा काट्यावर बसलेल्या माणसापुढे उघडायचा, त्यानं एक घास तोंडात टाकायचा, मग वजनाचं बटण दाबायचं, अशी इथली रीत. तोंड गोड असलं म्हणजे काटा गोड बोलते म्हणे. आणि काट्यावर बसलेलं माणूस म्हणजे मी. नाव ज्योती, शिक्षण बी.कॉम., आणि लग्न होऊन घाटंजीत आले तेव्हापासून बूड याच खुर्चीत.

यंदाची पहिली गाडी परवा आली. हवेत कापसाचे तंतू उडायला लागलेत, नाकात सरकीचा तो तेलकट वास बसलाय, आणि दुपारचं ऊन अजून भादव्यासारखंच चावतंय. गाडीवाला नवीन होता. त्यानं पुडा उघडला. बालूशाही! वरचा पापुद्रा सुटलेला, आतपर्यंत पाक मुरलेला. मी हात मागे घेतला आणि खिडकीतून ओरडले, "गजूभाऊ, या हो!" गजूभाऊ म्हणजे आमच्या हमालांचा मुकादम. तो आला, माझ्याकडे पाहत एक बालूशाही तोंडात टाकली, मान डोलावली, आणि मी बटण दाबलं. नवा माणूस तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. त्याला कोणीतरी मागे नेऊन मागच्या सीझनची गोष्ट सांगितली असेलच. मला मात्र तेव्हापासून तो सीझन सोडत नाही.

मी खाणारी बाई आहे. लपवण्यात अर्थ नाही, दिसतंच. माझं माहेर नेरचं. तिथं घरात आई आणि मी जेवणाऱ्या, आणि धाकटा भाऊ प्रमोद, म्हणजे आमचा पम्या, नुसता चिवडणारा. पोळीचा काठ काढून टाकायचा, वरणातला कढीपत्ता वेचायचा, भाताची नदी करायचा आणि उठून जायचा. त्याच्या ताटातलं उरलेलं माझ्या पोटात जायचं. तो मोठा झाला, शेती पाहू लागला, लग्न झालं, पण ताटाशी त्याचं कधी जमलं नाही. मी मात्र दोन्ही घरची कसर भरून काढली.

तर हा पम्या मागच्या वर्षी पावसाळ्यात सुजला. पाय सुजले, मग चेहरा. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करायचं आणि कोणाची किडनी मिळते का पाहायचं. आईला साखर. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मी म्हटलं, घ्या, त्यात काय एवढं, देवानं दोन कायले देल्या? आमच्या यांनी कागदावर सही करताना एकच विचारलं, "दुखन का लय?" मी म्हटलं, बाळंतपणाहून जास्त काय दुखणार.

नागपूरचे डॉक्टर कागद पाहत होते तोवर खूश होते. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाकी सगळं उत्तम आहे, पण एवढ्या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. बारा-तेरा किलो उतरवून या, मग बोलू. मला इतका राग आला! भावासाठी पोट कापून घ्यायला निघाले आणि पोटच आडवं आलं. परतीच्या बसमध्ये पम्या माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "ताई, तुले जमन का वं?" मी म्हटलं, "न जमाले काय झालं?" खरं तर मला घाम फुटला होता. कारण पुढच्याच आठवड्यात कापसाचा सीझन लागणार होता.

सुरुवातीला मी उपासाचा आधार घेतला. सोमवार होता, चालून गेलं. मग एकादशी आली. मग मंगळवार, मग गुरुवार. पण उपास हे काही आपल्याकडे न खाण्याचं कारण होत नाही. दुसऱ्याच दिवशी एकानं डबाभर साबुदाण्याची उसळ आणली, वर दाण्याचा कूट, खाली तूप. "उपासाले चालते ना मॅडम." मग मी दात दुखतो म्हणायला लागले. तर एकानं लवंगा आणल्या आणि म्हणाला, लवंग धरा अन् त्या बाजूनं पेढा खा.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण गावात बोलणं सुरू झालं. काट्यावरची बाई यंदा गोड घेत नाही. काहून घेत नाही? ज्याच्या मनात काटा मारायचा असते तो कोणाचं गोड कसं खाईन? आता बोला! आयुष्यात मी कोणाचं किलोभर इकडचं तिकडं केलं नाही, आणि पेढा नाकारला म्हणून चोर ठरले. दोन-तीन गाड्या आमच्या फाटकासमोरून पुढच्या जिनिंगला निघून गेल्या. मालक स्वतः केबिनमध्ये आले. "ताई, एक पेढा खाल्ल्यानं काय होते? गिऱ्हाईक चाललं ना." त्यांना काय सांगणार? ऑपरेशनचं मी जिनिंगमध्ये कोणाला बोलले नव्हते. चार तोंडं, चार सल्ले, शिवाय होईल की नाही त्याचा पत्ता नाही. उगाच डंका कशाला.

ते गुपित याडीनं फोडलं. याडी म्हणजे जवळच्या तांड्यावरच्या शेवंताबाई. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि आमच्या जिनिंगमध्ये सगळेच त्यांना याडी म्हणतात. स्वतः शेती पाहतात, स्वतः कापसाच्या गाडीवर बसून येतात, डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत आणि बोलताना कोणाची भीड ठेवत नाहीत. त्यांनी स्टीलच्या डब्यात लापशी आणली होती. गूळ घालून केलेली, अजून कोमट. त्या वासानं माझे कान गरम झाले, खोटं कशाला बोलू.

"घे," त्या म्हणाल्या.

"याडी, दात दुखून राह्यला."

"लापशीले दात लागते का? गिळ."

"पोट पण बरं नाही."

त्यांनी डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवले. गाडी काट्यावर, मागे दहा गाड्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. "तू घास घेतल्याबिगर माही गाडी मोजाची नाही. काय हाय ते सांग. माह्या घरचं काहून नाही चालत तुले?"

ते शेवटचं वाक्य मला लागलं. तांड्यावरचं म्हणून मी खात नाही, असं त्यांना वाटलं होतं! माझा सगळा आव गळाला. मी खिडकीतूनच, रांगेदेखत, सगळं बोलून टाकलं. भाऊ, मशीन, किडनी, डॉक्टर, वजन. बोलता बोलता रडूही आलं. हॉर्न थांबले होते. याडीनं ऐकून घेतलं, आणि त्या म्हणाल्या, "भावाले आंगातलं काढून देणार, मंग तर खावंच लागन तुले. बारीक माणसाजवळून काय काढन डॉक्टर?"

रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. मीही रडता रडता हसले. मी समजावलं की बाई, तसं नसतं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण रीत तर मोडता येत नव्हती आणि मलाही खाऊ घालता येत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गजूभाऊ खांबाला टेकून उभा होता. "ये रे इकडं. हिच्या तोंडानं तू खाय." गजूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं हात पुसले, लापशीचा घास घेतला आणि मोठ्या गंभीरपणे चावला. याडी म्हणाल्या, "आता मोज." मी बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी घाटंजीच्या बाजारात पोहोचली असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून गाडीवाले पुडा घेऊन सरळ विचारायचे, "मॅडमचं तोंड कुठं हाय?" आणि गजूभाऊ यायचा. पुढे जाऊ पाहणाऱ्या गाड्या परत फाटकात वळल्या. शिवाय सल्ले आलेच. कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी कोमट पाण्यात लिंबू. एक जण पोतंभर तुरीच्या शेंगा टाकून गेला, "उकडून खाजा, वजनाले लागत नाही." पोतंभर खाल्ल्या तर काय लागत नाही बाप्पा?

पम्याला हे सगळं मी फोनवर सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला. यवतमाळला मशीन झालं की तो नेरच्या बसमध्ये बसायचा आणि तिथून फोन करायचा. अंगात त्राण नसायचं, मळमळायचं, आणि दिवसभरासाठी पाण्याची एक लहान बाटली ठरलेली, तीही घोट मोजून. वरण बेतानं, केळं नाही, टमाटर नाही. बसस्टँडवर संत्र्यांचे ढीग लागलेले, तेही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला काही हवंसंच वाटत नव्हतं. म्हणायचा, कशालाच चव नाही, लोखंड चाटल्यासारखं लागते. भावजय घास भरवायला बसली की तो भिंतीकडे तोंड करायचा. आधीच चिवडणारा, त्यात हे. डॉक्टर म्हणाले होते, खाल्लं नाही तर ऑपरेशनपर्यंत अंगात ताकद राहणार नाही. म्हणजे पाहा, त्याच ऑपरेशनसाठी मला खायचं नव्हतं आणि त्याला खायचं होतं.

पण त्या फोननंतर त्यानं एक खूळ धरलं.

"काय आलं आज?"

"जिलेबी."

"गरम होती?"

"मले काय माहीत? गजूभाऊनं खाल्ली."

"मंग विचार ना त्याले."

मी खिडकीतून विचारायचे, "गजूभाऊ, जिलेबी कशी होती?" गजूभाऊ विचार करायचा. "गोड." अजून? तो आणखी विचार करायचा. "लय गोड." पम्या तिकडून म्हणायचा, "त्याले काही सांगता नाही येत. ताई, तूच नीट पाहत जा अन् मले सांगजो."

म्हणून मी पाहायला लागले. आणि मला नवल वाटलं. इतकी वर्षं जे खात आले ते मी कधी पाहिलंच नव्हतं! जिलेबी उजेडात धरली की तिच्या नळीत पाक हलताना दिसतो. पेढ्यावर मधोमध हलवायाच्या बोटाचा दाब असतो, आणि दोन दुकानांचे दाब वेगळे असतात. आलूबोंड्याची एक कूस नेहमी जास्त लाल असते, कढईत तो त्या कुशीवर जास्त वेळ पडून राहतो म्हणून. थंडीत सांबारवडी आली, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, तर ती मोडल्यावर आधी वाफ येते, मग वास, आणि मग खसखस खाली सांडते. हे सगळं मी पम्याला सांगायचे. तो मध्येमध्ये "हं, हं" करायचा. एकदा म्हणाला, "थांब, घाई नको करू. खसखस सांडली, मंग?" भावजयीनं नंतर मला सांगितलं, त्या संध्याकाळी त्यानं स्वतःहून अर्धी पोळी मागितली.

तेव्हापासून माझी जबाबदारी वाढली. खायचं नाही, आणि बघायचं मात्र डोळे फाडून. लोकांना वाटतं, समोरून पदार्थ हटवला की मन हटतं. माझा अनुभव उलटा आहे. तोंडाला पाणी सुटायचं, सुटू द्यायचं. ते पाणी किती वेळ टिकतं हे मी पाहत बसायचे. एखादी गाडी काट्यावर चढून उतरेपर्यंत ते आटतं, हे मला त्या सीझनला कळलं. नवी गाडी आली की नवं पाणी. अशा कितीतरी गोष्टी. अकरा वाजता समोरच्या टपरीवर कढई चढली की लागणारी भूक नाकातली असते, पोटाला तिचा पत्ताही नसतो. चार वाजताची भूक हातांची. हात रिकामे असले की ते काहीतरी उचलून तोंडाकडे नेतात. खरी पोटातली भूक फार साधी असते, तिला भाकर चालते, शिळीसुद्धा. मी एवढी खाणारी, पण तिची माझी ओळख चाळिशी उलटल्यावर झाली.

आणखी एक गंमत दिसली. तुम्ही कधी खाऊ घालणाऱ्याचं तोंड पाहिलंय का? गजूभाऊनं घास उचलला की पुडा आणणाऱ्याचेही ओठ जरासे उघडायचे. तो चावायला लागला की यांचा जबडा हलायचा. त्यानं गिळलं की यांच्या चेहऱ्यावर समाधान. मिश्या पिकलेले बाप्ये, पण अगदी लेकराला भरवणाऱ्या मायसारखं तोंड करायचे. पूर्वी मला वाटायचं की लोक आग्रह करतात तो रीत म्हणून. आता वाटतं, माणसाला दुसऱ्याच्या तोंडानं खाण्यातही काहीतरी मिळतं. काय मिळतं ते अजून मला नीट सांगता येत नाही. पण पम्यालाही तेच मिळत असावं.

वजनाचं विचारा आता. माझ्या हाताखाली एवढा मोठा काटा असताना मी दवाखान्याच्या काट्यावर पैसे कशाला टाकू? रोज सकाळी गाड्या यायच्या आधी मी त्यावर जाऊन उभी राहायचे आणि गजूभाऊला केबिनमधला आकडा वाचायला सांगायचे. "नव्वद!" तो ओरडायचा. रोज नव्वद. दिवाळी गेली, नव्वद. पोळी अर्ध्यावर आणली, चहातली साखर सोडली, रोज फाटकापासून घरापर्यंत पायी, तरी नव्वद. मग मला वाटलं, सकाळी दवानं कापूस जड भरतो, तसं माझंही होत असेल, म्हणून दुपारी चढायला लागले. आणि एक दिवस गजूभाऊ केबिनमधून नाचतच बाहेर आला. "ताई, ऐंशी! ऐंशी!"

एका दिवसात दहा किलो! हमालांनी टाळ्या वाजवल्या. गजूभाऊनं माझ्या नावानं दोन पेढे खाल्ले. मी तिथूनच पम्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तो काटा टरकाचा हाय ना?"

मी कपाळावर हात मारला. आमचा काटा मालवाहू गाड्या मोजतो. त्याला दहा किलोच्या खालचं काही कळत नाही. पंच्याऐंशीच्या वर असलात तर तो नव्वद म्हणणार, जरा खाली आलात की ऐंशी. हे मी रोज शेतकऱ्यांना समजावते, आणि स्वतः चढले तर विसरले! खरं तर सारे दोन-तीन किलोच उतरले होते. पम्या तिकडे इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मी काटा बदलला नाही. हट्टानं त्याच काट्यावर चढत राहिले. मग काय, मार्गशीर्ष गेला, पौष आला, आकडा ऐंशीवर बसला तो बसलाच.

संक्रांतीच्या सुमाराला पम्या नेरच्या बसमध्येच चक्कर येऊन पडला. कंडक्टरनं त्याला आडवं केलं, पाणी शिंपडलं. तो घरी पोहोचल्यावर मी फोन केला. मीच सुरुवात केली, आज तिळाचे लाडू आले होते रे, काळ्या गुळाचे...

"ताई, आज राहू दे. मले ऐकू नाही वाटत."

मी हातातला लाडू टेबलावर ठेवला.

"तुह्या काट्यावर आकडा येईस्तोवर मी राहीन का नाही, काय माहीत," तो म्हणाला.

"चूप बे!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे हमाल थांबले. "असं बोलला तं नेरले येऊन थोबाड फोडीन तुहं." आणि फोन ठेवून दिला. समोर टेबलावर तो लाडू. तेव्हा मला जी भूक लागली तशी आयुष्यात लागली नव्हती. ती नाकातली नव्हती आणि पोटातलीही नव्हती. छातीच्या मधोमध खड्डा पडला होता आणि त्यात काहीतरी टाकून तो बुजवायचा होता. लाडू मी हातात घेतला. मुठीत इतका वेळ धरला की गूळ पाघळून बोटांना लागला. एका लाडवानं काय होतं? काहीच नाही. पण आज खाल्ला तर उद्या त्या काट्यावर मी कोणत्या तोंडानं चढू, असं वाटलं. आणि मला भावाचा राग आला होता. खरंच सांगते, मायेनं नाही, रागानं मी तो लाडू खाल्ला नाही. मरतो म्हणतो? थांब, दाखवते तुले.

गजूभाऊला बोलावलं. त्यानं माझा चेहरा पाहिला, लाडू पाहिला, आणि मान हलवली. "नाही ताई. आज माह्यानं नाही जात." आम्ही दोघं त्या लाडवाकडे पाहत बसलो. शेवटी त्यानं तो नेऊन बाहेर लिंबाखाली ठेवला. मुंग्यांनी नेला असेल.

तीन दिवस पम्याचा फोन नाही. भावजय सांगायची, झोपून असतो. मी पोळी चतकोरावर आणली आणि सरळ रस्त्याऐवजी पार रेस्ट हाऊसच्या चौकातून वळसा घालून घरी जायला लागले. चौथ्या दिवशी बसमधून फोन आला. आवाज खोल गेलेला. "काय आलं आज?" मी डोळे पुसले आणि सुरू केलं, याडीच्या नातीनं आणलेल्या ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांपासून. सोलताना बोटं आंबट होतात इथपर्यंत सांगितलं.

होळीच्या आत काटा सत्तरवर आला. या वेळी मी शहाणी झाले होते, औषधाच्या दुकानात जाऊन लहान काट्यावरही पाहून आले. गजूभाऊच्या शर्टाची खालची दोन बटणं तोवर लागेनाशी झाली होती. त्याची बायको भांडायला आली जिनिंगमध्ये, "तुमच्या वाटचं खाऊन माहा माणूस फुगला!" नागपूरच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तारीख दिली.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा कूस जळत होती, आणि आमचे हे डोळे लाल करून उभे. म्हणाले, पम्याच्या पिशवीत लघवी जमून राह्यली, भरभरून. लघवी झाली म्हणून घरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, हे मी त्या मजल्यावर पाहिलं. जिनिंगमध्ये ही बातमी गेली तर म्हणे मालकांनी पेढे वाटले. कशाचे पेढे, असं एखाद्या नव्या माणसानं विचारलं असेल तर काय सांगितलं असेल देव जाणे.

पण पम्या खाईना. किडनी कामाला लागली, सूज उतरली, पाणी पोटभर पी म्हणून नर्स मागे लागल्या, आणि हा दोन घास घेऊन ताट सरकवायचा. तोंडात ते लोखंड तसंच आहे म्हणायचा. मला सुट्टी झाली तरी माझा जीव तिथंच. आम्ही दवाखान्याजवळ एक खोली घेऊन राहिलो होतो. हे पोळ्या करायचे, डबा घेऊन जायचे, आणि भरलेला डबा परत आणायचे. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धीर धरा, भूक सगळ्यात शेवटी येते. मी मनात म्हटलं, ती येते कुठून पण? माझं वजन उतरलं, त्याला किडनी मिळाली, सगळं मोजून-मापून झालं, आता ही एक गोष्ट कोणत्या काट्यावर चढवायची?

एका दुपारी मी कुशीवर उशी दाबून पडले होते. यांनी नुकती कणीक मळायला घेतली होती. फोन वाजला. पम्या. मी घाबरून उचलला. तिकडून आवाज आला तो चिडलेला, चांगला खणखणीत.

"ताई, दाजी कुठं हायत? डबा काहून नाही आला अजून? इथं केव्हाची भूक लागून राह्यली मले, अन् ह्या नर्स लोकं नुसतं बिस्किट दाखवून राह्यल्या!"

तो तिकडे ओरडत होता, "ताई? अवं ताई, आयकून राह्यली का?" आवाज त्याचा होता, पण ती भूक मी ओळखली. तसं चिडून, हक्कानं जेवण मागणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मी. मी टाके धरून हसत होते आणि उशी भिजत होती.

हे धावत आले. "काय झालं? दुखून राह्यलं का?"

"पम्याले भूक लागली," मी म्हटलं.

ते पटकन परातीकडे वळले, आणि पाठमोऱ्यानंच विचारलं, "किती पोळ्या करू?"

"मोजू नका," मी म्हटलं.